हाडांचा आणि सांध्यांचा जंतुसंसर्ग : निदान आणि उपचार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडात किंवा सांध्यात जंतुसंसर्ग झाल्याचे किंवा त्याची शंका असल्याचे कळल्यावर रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. डॉक्टरांशी बोलताना ती हाताशी असावीत एवढाच हेतू आहे. त्यांच्या आधारे स्वतःहून औषध सुरू करू नये आणि चालू असलेले औषध बंदही करू नये.

हाडात पू होतो तेव्हा आत नेमके काय घडते?

हाड कठीण असले तरी जिवंत असते आणि त्याच्या आत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तेथे जंतू पोहोचले की शरीर पांढऱ्या पेशी पाठवते आणि पू तयार होतो. मांसात पू झाला तर कातडी ताणते, गळू वर येते आणि फुटते. हाडाला मात्र ताणण्यासाठी जागाच नसते. आतला दाब वाढत जातो, रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि त्या भागाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते. पू हाडाच्या बाहेरच्या आवरणाखाली शिरला की ते आवरण उचलले जाते आणि बाहेरून मिळणारे रक्तही बंद होते. मेलेल्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणून औषध जात नाही आणि पांढऱ्या पेशीही जात नाहीत. जंतूंना याहून सुरक्षित जागा दुसरी नाही. या आजाराला ऑस्टिओमायलायटिस किंवा अस्थिमज्जाशोथ म्हणतात, आणि पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचे मूळ या मेलेल्या हाडात आहे.

सांध्यात पू होतो त्याला सेप्टिक आर्थ्रायटिस म्हणतात. तेथे हाडाच्या टोकांवरील गुळगुळीत कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पांढऱ्या पेशींमधून आणि जंतूंमधून सुटणारी विकरे (एन्झाइम) ही कुर्चा काही दिवसांतच विरघळवू लागतात आणि गेलेली कुर्चा पूर्वीसारखी पुन्हा येत नाही. म्हणून सांध्यातील पू हे तातडीचे दुखणे आहे. तेथे हिशेब तासांचा असतो, आठवड्यांचा नसतो.

जंतू इतक्या आत पोहोचतात कसे?

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला रक्तातून: अंगावरचे केस्तूट, घशाचा किंवा लघवीचा संसर्ग, अर्भकाची पिकलेली नाळ किंवा शिरेत बरेच दिवस राहिलेली सुई अशा ठिकाणाहून जंतू रक्तात उतरतात आणि हाडात जाऊन बसतात. लहान मुलांत हा मार्ग सर्वाधिक आढळतो. लांब हाडाच्या वाढीच्या चकतीलगत (मुलाचे हाड जेथून लांब होते त्या कुर्चेच्या थराजवळ) रक्त फार संथ वाहते आणि जंतूंना तेथे रेंगाळायला वाव मिळतो. त्यामुळे गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात किंवा गुडघ्याच्या खाली नडगीत दुखणे सुरू झालेले दिसते. दुसरा मार्ग थेट बाहेरून: जखम होऊन हाड बाहेर आलेला अस्थिभंग, सांध्यात रुतलेला काटा किंवा शस्त्रक्रिया. तिसरा मार्ग शेजारून, म्हणजे मधुमेही पायावरची किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावरची जखम खोल होत हाडापर्यंत पोहोचणे.

जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा सर्व वयांत आघाडीवर असतो. चार वर्षांखालील मुलांत किंगेला किंगी नावाचा नाजूक जंतू आढळतो. तो साध्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) सहज उगवत नाही, मात्र त्याच्या जनुकीय पदार्थावरून ओळखता येतो. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या रुग्णाच्या हाडात साल्मोनेला असू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात असल्याने तेथील मुलाचे हाड दुखत असेल तर ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. बुटाच्या रबरी तळव्यातून खिळा आरपार गेला असेल तर स्यूडोमोनास, आणि गुरांच्या विण्याच्या वेळी मदत करणाऱ्या किंवा न तापवलेले दूध पिणाऱ्या माणसाच्या मणक्यात किंवा कमरेच्या सांध्यात दुखत असेल तर ब्रुसेला, हेही लक्षात ठेवावे लागते. रुग्णाने आपला व्यवसाय, घरातली जनावरे आणि जुन्या जखमा यांविषयी मोकळेपणाने सांगितले तर अर्धे निदान तेथेच होते, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

मूल एकाएकी पाय टेकेनासे झाले तर ते मुरगळणे समजावे की संसर्ग?

खेळताना मुरगळणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरात ‘कालच पडला होता’ असा काहीतरी प्रसंग आठवतोच. या आठवणीमुळेच निदान लांबते. पाय टेकत नाही, त्याबरोबर ताप आहे, मूल मलूल दिसते आणि सांधा कोणालाही हलवू देत नाही, असे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खुब्यात पू आहे की विषाणूजन्य तापानंतर येणारी, आपोआप बरी होणारी सूज आहे, हे ठरवण्यासाठी बॉस्टन येथील कोशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार निकष मांडले: ३८.५ अंश सेल्सियसपेक्षा जास्त ताप, पायावर भार न घेणे, ईएसआर (शरीरात दाह असल्याचे सुचवणारी रक्ताची तपासणी) ४० पेक्षा जास्त आणि रक्तातील पांढऱ्या पेशी १२,००० पेक्षा जास्त. सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिन) २० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा अधिक असणे हा पाचवा निकष नंतर जोडला गेला. चारही निकष लागू असले तर पू असण्याची शक्यता बरीच मोठी असते, परंतु इतरत्र झालेल्या अभ्यासांत ती पहिल्या अभ्यासाइतकी भरली नाही. म्हणून निकषांच्या बेरजेपेक्षा मुलाला तपासणाऱ्या अनुभवी डॉक्टरांच्या मताला अधिक वजन द्यावे.

अर्भकांबाबत जास्तच सावध राहावे लागते, कारण त्यांना अनेकदा तापच येत नाही. बाळ एक पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना तोच पाय उचलला की किंचाळते, एवढीच खूण असते. लंडनचे शल्यविशारद थॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये अर्भकांच्या सांध्यातील या तीव्र संसर्गाचे वर्णन केले. त्यात खुब्याचा गोळा पूर्ण विरघळून जाऊ शकतो आणि बाळ जगले तरी आयुष्यभर लंगडते. असा पाय आखडला आहे असे समजून त्यावर तेल लावून मालीश करणे फार महागात पडते. न हलणाऱ्या अवयवाला मालीश नको, तपासणी हवी.

रक्ताच्या तपासणीत संसर्ग कळतो का?

तो असल्याची शंका बळावते किंवा कमी होते, पण तो कोठे आहे आणि कोणत्या जंतूचा आहे हे या तपासण्या सांगत नाहीत. सीआरपी काही तासांत वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते आणि उपचार लागू पडले की झपाट्याने उतरते. ईएसआर सावकाश वाढतो आणि कित्येक आठवडे उतरत राहतो. त्यामुळे उपचारांच्या पहिल्या आठवड्यात सीआरपीवर लक्ष ठेवावे आणि ईएसआर अजून वाढलेलाच आहे म्हणून धास्ती घेऊ नये. उलट, जुनाट संसर्गात दोन्ही आकडे जवळजवळ सामान्य असू शकतात. जंतूचे नाव सांगणारी रक्ताची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतले तरच त्याचा खरा उपयोग.

एक्स-रे स्वच्छ आला. मग काळजी मिटली का?

नाही. हाडातील क्षारांचा बराच मोठा भाग, ढोबळमानाने एक तृतीयांशाहून अधिक, नाहीसा झाल्याशिवाय एक्स-रेमध्ये बदल दिसत नाही आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. तरीही एक्स-रे पहिल्या दिवशी काढतात, कारण अस्थिभंग किंवा गाठ नाही हे पाहता येते आणि पुढच्या एक्स-रेशी तुलना करता येते. एमआरआयमध्ये हाडातील सूज पहिल्या काही दिवसांतच दिसते. खुब्यात पाणी साठले आहे का, हे पाहायला मात्र सोनोग्राफी पुरते. ती तालुक्याच्या गावीही होते आणि लहान मुलाला भूल द्यावी लागत नाही. एमआरआयची तारीख मिळेपर्यंत पिकलेला सांधा तसाच ठेवणे योग्य नव्हे.

सांध्यातून पाणी काढणे आवश्यकच असते का? सुईने जंतू आत जाणार नाहीत का?

सांधा लाल, गरम आणि ठणकणारा असेल तर ही तपासणी टाळू नये. दुसऱ्या कोणत्याही तपासणीने ती भरून निघत नाही. त्वचा निर्जंतुक करून, वाटीच्या कडेने सुई आत घातली की गुडघ्यातील द्रव सिरिंजमध्ये येतो. निरोगी सांध्यातील द्रव फिकट पिवळा, पारदर्शक आणि चिकट असतो. सिरिंजच्या पलीकडची छापील अक्षरे त्यातून वाचता येतात. संसर्ग झालेला द्रव गढूळ, पिवळसर किंवा हिरवट असतो आणि त्याचा चिकटपणा गेलेला असतो. तो लगेच तीन ठिकाणी जातो: पेशी मोजायला, स्फटिक पाहायला आणि कल्चरला. दर घन मिलिमीटरमागे ५०,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत बहुतांश न्यूट्रोफिल या प्रकारच्या असतील तर संसर्गाची शक्यता मोठी असते. मात्र प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत आणि कृत्रिम सांध्यात याहून बरेच कमी आकडेही संसर्गाचे असू शकतात. गाऊटचे (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचे) स्फटिक दिसले म्हणजे संसर्ग नाही असेही ठरत नाही, कारण एकाच गुडघ्यात दोन्ही असू शकतात.

योग्य निर्जंतुकीकरण करून काढलेल्या पाण्यामुळे संसर्ग होणे अतिशय विरळ आहे. खरा धोका निदान न करताच सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्यात आहे. आत पू असेल तर त्या इंजेक्शनने दोन दिवस बरे वाटते आणि तेवढ्यात सांधा हातचा जातो.

पू आहे म्हणता, मग अँटिबायोटिक ताबडतोब का सुरू करत नाहीत?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. उत्तर दुखण्याच्या प्रकारावर अवलंबून आहे.

रुग्णाला थंडी वाजून ताप आहे, रक्तदाब खाली जात आहे किंवा संसर्ग सर्वांगात पसरल्याची चिन्हे आहेत, तर रक्ताचे कल्चर घेऊन पुढच्या काही मिनिटांत शिरेतून औषध सुरू झालेच पाहिजे. नैसर्गिक सांध्यात तीव्र संसर्ग असेल तर आधी सांध्यातील द्रव आणि रक्त घ्यायचे आणि लगेच औषध द्यायचे. नमुन्यासाठी अर्धा तास थांबणे ठीक, अर्धा दिवस नव्हे. परंतु चार महिन्यांपासून वाहणारी जखम असलेला, ताप नसलेला, चालता-बोलता रुग्ण आला तर त्याच्या हाडाचा नमुना हाती येईपर्यंत औषध न देणे हाच उपचाराचा भाग असतो. अशा रुग्णाला आधीपासून गोळ्या चालू असतील तर शक्य तेथे त्या दोन आठवडे थांबवून मग नमुना घेतात.

कारण साधे आहे. दोन-चार गोळ्यांनी हाडातले जंतू मरत नाहीत, पण कल्चरमध्ये उगवत नाहीत एवढे दबतात. प्रयोगशाळेचा अहवाल ‘जंतू आढळले नाहीत’ असा येतो आणि पुढचे सहा आठवडे अंदाजाने, अनेकदा दोन-तीन महागडी आणि मूत्रपिंडाला जड जाणारी औषधे एकत्र देऊन, काढावे लागतात. ‘आधी औषध देऊ, मग बघू’ ही सवय सर्दी-खोकल्यात खपून जात असेल. हाडात ती खपत नाही. म्हणून गावातील डॉक्टरांनी किंवा मेडिकल दुकानदाराने दिलेल्या गोळ्यांची पाकिटे रुग्णालयात येताना बरोबर आणावीत. पाकिटावरचे नाव आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख ही माहिती जुन्या एक्स-रेइतकीच मोलाची असते.

नासुरातून पू वाहतोच आहे. त्याचे कल्चर पुरेसे नाही का?

बहुतेक वेळा नाही. नासुराच्या (आतला पू त्वचेपर्यंत वाहून आणणाऱ्या जुन्या छिद्राच्या) तोंडाशी त्वचेवरचे आणि हवेतले अनेक जंतू वस्ती करून असतात, आणि आत हाडात बसलेला जंतू त्यांच्यापैकीच एक असेल याची खात्री नसते. खोलवरून घेतलेला हाडाचा तुकडा हाच विश्वासार्ह नमुना. शस्त्रक्रियेच्या वेळी साधारण पाच वेगवेगळ्या जागांहून, दर वेळी नवे उपकरण वापरून नमुने घेतात; तोच जंतू दोन किंवा अधिक नमुन्यांत उगवला तर तो खरा दोषी मानतात.

हाडाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला आहे. कर्करोगाची शंका आहे का?

शंका असो वा नसो, तुकडा पाठवायचाच असतो. युइंग सार्कोमा नावाचा मुलांच्या हाडातील कर्करोग ताप, सूज आणि वाढलेला ईएसआर घेऊन येतो आणि हुबेहूब संसर्गाचे सोंग घेतो. कधी कधी तर आत पू दिसावा तसा द्रवही निघतो. उलट, गाठ वाटलेली वस्तू क्षयाची निघते. म्हणून गाठ वाटली तरी कल्चर करावे आणि पू वाटला तरी पेशींची तपासणी करावी, हा अस्थिरोगशास्त्रातला जुना शिरस्ता आहे. अनेक वर्षे वाहणाऱ्या नासुराच्या कडेला त्वचेचा कर्करोग होऊ शकतो हेही त्यामागचे एक कारण आहे. जुन्या नासुराचा वास, स्राव किंवा वेदना अचानक वाढली तर ती गोष्ट अंगावर काढू नये.

शस्त्रक्रिया टाळता येणार नाही का?

मुलांच्या हाडातील नवा संसर्ग, गळू होण्यापूर्वी सापडला तर, पुष्कळदा केवळ औषधांनी बरा होतो. मणक्यांच्या संसर्गातही मज्जारज्जूवर दाब नसेल आणि मणका ढासळत नसेल तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. साठलेला पू आणि मेलेले हाड यांना मात्र औषधाचा इलाज नाही. ते काढावेच लागतात.

जुनाट संसर्गाच्या शस्त्रक्रियेत सर्जन मेलेले हाड थराथराने काढत जातात. मेलेले हाड हस्तिदंती पांढरे असते आणि त्यातून रक्त येत नाही. खरवडता खरवडता एका क्षणी कापलेल्या पृष्ठभागावर लाल रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागतात. तेथे जिवंत हाड सुरू झाले असे समजून थांबतात. त्याआधी थांबले तर संसर्ग परततो.

यानंतर उरलेली पोकळी भरावी लागते, कारण रिकाम्या जागेत रक्त साठते आणि जंतू पुन्हा वाढतात. त्यासाठी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी किंवा शरीरात विरघळणारे कॅल्शियम सल्फेटचे खडे ठेवतात. त्यांतून त्या जागी औषधाचे प्रमाण शिरेतून दिल्याने मिळेल त्याच्या कितीतरी पट अधिक राहते. वर त्वचा पुरत नसेल तर प्लास्टिक सर्जन पिंडरीचा स्नायू फिरवून हाड झाकतात.

हाडाचा मोठा तुकडा गेला असेल तर सैबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकापासून विकसित केलेली, पायाभोवती बाहेरून बसवलेल्या गोल कड्यांची पद्धत वापरतात. निरोगी भागात हाड कापून तो तुकडा रोज एक मिलिमीटर, एकेक चतुर्थांश असा चार वेळा, पुढे सरकवला जातो आणि मागे नवे हाड तयार होते. पद्धत खात्रीची असली तरी दर सेंटिमीटरमागे साधारण एक ते दोन महिने कडी पायावर वागवावी लागतात. हे आधी स्पष्टपणे सांगितले नाही तर रुग्ण अर्ध्यावर खचतो.

अँटिबायोटिक किती दिवस आणि ते सलाईनमधूनच घ्यावे लागते का?

मुलांच्या साध्या, नव्या संसर्गात काही दिवस शिरेतून आणि नंतर तोंडाने, असे एकूण तीन ते चार आठवडे पुरतात. प्रौढांच्या हाडाच्या संसर्गात सहसा सहा आठवडे देतात. मणक्याच्या पू करणाऱ्या संसर्गात सहा आठवडे बारा आठवड्यांइतकेच परिणामकारक ठरतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत दिसले. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत मात्र तसे नाही: फ्रान्समधीलच २०२१ च्या चाचणीत सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८.१ टक्के रुग्णांत संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडेवाल्यांत ९.४ टक्के.

संपूर्ण सहा आठवडे शिरेतूनच औषध हवे, ही समजूत अनेक दशके होती. ब्रिटनमधील २६ केंद्रांत १,०५४ प्रौढ रुग्णांवर झालेल्या ‘ओव्हिवा’ चाचणीने २०१९ मध्ये ती मोडली. पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्यांत उपचार फसण्याचे प्रमाण १३.२ टक्के होते आणि शिरेतून औषध घेणाऱ्यांत १४.६ टक्के, म्हणजे गोळ्या उण्या पडल्या नाहीत. यातला बारकावा असा की त्या रुग्णांची आवश्यक ती शस्त्रक्रिया झाली होती आणि जंतूला लागू पडणारी, हाडात नीट शिरणारी गोळी संसर्गतज्ज्ञांच्या सल्ल्याने निवडली होती. जंतूचे नावच ठाऊक नसेल तर ही सवलत घेणे अवघड होते. रोज रुग्णालयात राहण्याचा आणि शिरेतील नळीला संसर्ग होण्याचा धोका लक्षात घेता, योग्य रुग्णाला गोळ्यांवर घरी पाठवणे हे हलगर्जीचे लक्षण मुळीच नाही.

प्लेट, रॉड किंवा कृत्रिम सांध्याला संसर्ग झाला तर तो काढावाच लागतो का?

धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती एक थर विणतात. पाण्याच्या रांजणात आतून बुळबुळीत थर धरतो, पाणी बदलले तरी तो जात नाही, घासावाच लागतो. तशीच याची गोष्ट आहे. हा थर कोवळा असेपर्यंत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर साधारण पहिल्या महिन्यात, किंवा जुन्या सांध्यात लक्षणे सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत, सांधा उघडून स्वच्छ धुणे, सुटे भाग बदलणे आणि मूळ सांधा तसाच ठेवणे शक्य असते. मात्र सांधा घट्ट बसलेला असावा लागतो. त्यानंतर सांधा काढून बदलावा लागतो. काही ठिकाणी एकाच शस्त्रक्रियेत, तर काही ठिकाणी दोन टप्प्यांत, मध्ये औषधी सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवून, हे करतात. हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळण्याची प्रथा हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्ट्झ यांनी १९७०च्या सुमारास रूढ केली.

अस्थिभंग जुळायचा असेल आणि प्लेट घट्ट असेल, तर संसर्ग आटोक्यात ठेवून हाड जुळेपर्यंत ती ठेवणेच बहुधा शहाणपणाचे असते. सैल प्लेटचा मात्र काहीच उपयोग नसतो.

शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांनीही टाक्यांतून स्राव येत असेल तर ‘थोडे पाणी येतेच’ या समजुतीवर ड्रेसिंग करत बसू नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच ती जखम दाखवावी.

पाठदुखी मणक्याच्या टीबीची आहे हे कसे ओळखावे?

भारतात हा प्रश्न कोणत्याही हाडाच्या संसर्गात विचारावाच लागतो. शरीरातील हाडांपैकी क्षय मणक्यांत सर्वाधिक आढळतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून त्याला आजही ‘पॉट्स डिसीज’ म्हणतात. दुखणे सावकाश वाढते, विश्रांतीनेही थांबत नाही आणि रात्री जागवते. वजन घटते, संध्याकाळी कणकण येते. छातीचा एक्स-रे स्वच्छ असणे आणि खोकला नसणे यावरून मणक्याचा क्षय नाही असे ठरत नाही. पाठीला कुबड येणे, जांघेत न दुखणारी गाठ उतरणे, चालताना पाय अडखळणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे ही चिन्हे उशिराची आहेत, आणि शेवटच्या दोहोंत एक दिवसही दवडू नये.

निदानासाठी एमआरआयनंतर, शक्य तेथे सीटी स्कॅनच्या मदतीने सुईने नमुना घेऊन तो सीबीनॅट या, क्षयजंतूचा जनुकीय पदार्थ शोधणाऱ्या तपासणीला, कल्चरला आणि पॅथॉलॉजीला पाठवतात. सीबीनॅटमुळे रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही काही तासांत कळते. केवळ एमआरआयच्या अहवालावरून क्षयाचे औषध सुरू करण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. नमुना मिळणे खरोखरच अशक्य असेल तेव्हा ती समजून घेता येते. एरवी औषध-प्रतिरोधक क्षय, ब्रुसेला किंवा साधा पू वर्षभर चुकीच्या औषधाखाली राहण्याचा धोका असतो.

हाडांच्या क्षयाचे औषध साधारण १२ महिने चालते: पहिले दोन महिने चार औषधे, पुढे तीन, काही रुग्णांत ते १८ महिन्यांपर्यंत वाढवावे लागते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी रक्कम एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांचीही नोंद करणे बंधनकारक असल्याने त्यांनाही हा लाभ मिळतो.

मधुमेह आहे आणि पायाच्या बोटावरची जखम भरत नाही. हाडापर्यंत गेली असेल का?

मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असते, म्हणून जखम दुखत नाही, आणि न दुखणारी जखम किरकोळ वाटते. डॉक्टर निर्जंतुक बोथट सळईने जखमेचा तळ चाचपतात. सळई कठीण, खरखरीत हाडाला लागली तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. बोट लाल आणि गोळ्यासारखे सुजले असेल, किंवा दीड महिना ड्रेसिंग करूनही जखम तशीच असेल, तर एक्स-रे, ईएसआर आणि गरजेनुसार एमआरआय करतात.

उपचारात अँटिबायोटिक हा एक भाग झाला. पायाला रक्त पोहोचते का हे डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) पाहणे, जखमेवरचा भार काढणे आणि साखर आवरणे यांपैकी एक जरी राहिले तरी औषध वाया जाते. संसर्ग झालेले हाड पूर्ण काढले तर काही दिवसच औषध पुरते. न काढता उपचार केले तर सुमारे सहा आठवडे. बोट काढण्याचा सल्ला ऐकून अनेक जण महिनोन्‌महिने डॉक्टर बदलत राहतात आणि शेवटी पाऊल गमावतात. संवेदना गेलेल्या पायांनी नवसासाठी, देवदर्शनाला किंवा वारीत अनवाणी चालू नये; मऊ पायताण घालूनही वारी पोहोचते.

हाडवैद्याचा लेप किंवा शेक घेतला तर चालेल का?

संसर्गाची शंका असताना नाही. चोळण्याने पू पसरतो, शेकाने कातडी भाजते आणि घट्ट बांबूपट्टीने रक्तपुरवठा तुटतो. त्याहून मोठी हानी म्हणजे जाणारे दिवस.

औषधे चालू असताना कशाकडे लक्ष द्यावे?

रिफाम्पिसिनने लघवी आणि घाम केशरी होतो. ते निरुपद्रवी आहे. मात्र हे औषध रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, म्हणून इतर सर्व औषधांची यादी डॉक्टरांना द्यावी. धातूवरच्या संसर्गात ते उपयोगी पडते, पण कधीही एकटे द्यायचे नसते, आणि आपल्या देशात क्षय नाही याची शक्य तितकी खातरजमा करूनच द्यावे. अन्यथा लपलेला क्षय अर्धवट दबून औषधाला प्रतिरोधक होऊ शकतो. लिनेझोलिड दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेतल्यास दर आठवड्याला रक्तपेशी मोजाव्यात आणि नजर अंधुक झाली किंवा पायांना मुंग्या आल्या तर लगेच कळवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेच्या मागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी जाड दोरी) दुखू लागली तर चालणे कमी करून डॉक्टरांना गाठावे. ही औषधे दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर पोटातच अडकतात. कोणत्याही औषधावर डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा अंगावर पुरळ आले तर पुढचा डोस घेण्यापूर्वी विचारावे.

घरातल्या इतरांना हा संसर्ग होईल का?

हाडातला संसर्ग शेजारी बसल्याने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. पू लागलेले ड्रेसिंग हातमोजे घालून काढावे, पिशवीत बंद करावे आणि हात साबणाने धुवावेत. फुप्फुसाचाही क्षय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घरातल्या सर्वांची तपासणी होते.

आजार पूर्ण बरा होतो का आणि किती वर्षे तपासणीला यावे लागते?

वेळेत सापडलेला मुलांचा तीव्र संसर्ग बहुतेक वेळा कायमचा बरा होतो. तरीही वाढीच्या चकतीला इजा झाली असेल तर पाय आखूड किंवा वाकडा होण्याची शक्यता असते, म्हणून दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांची लांबी मोजून घ्यावी आणि वाढ पूर्ण होईपर्यंत हे थांबवू नये. प्रौढांच्या जुनाट संसर्गाबाबत डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणण्याऐवजी ‘शांत आहे’ असे म्हणतात, कारण तो अनेक वर्षांनी पुन्हा डोके वर काढू शकतो. बहुतेक पुनरावृत्ती पहिल्या दोन वर्षांत होते. त्या काळात तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, सीआरपी आणि एक्स-रे करतात. एमआरआय मात्र वारंवार करत नाहीत, कारण संसर्ग बरा होत असतानाही हाडातील सूज त्यात कित्येक महिने दिसत राहते आणि उगाच घबराट होते. दोन वर्षांनंतर ठरावीक भेटी थांबल्या तरी जुन्या व्रणाजवळ ठणका, लाली किंवा स्राव दिसला तर त्याच आठवड्यात यावे, आणि येईपर्यंत घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत.